डिग्री

भरमा तरळेच्या पडवीत निघाली सोसायटी.
पहिल्या दिवशी एकोणीस लिटर,
त्यातलं दोन मांजरानं सांडलं.
बेळगावची गाडी मार्कंडेयच्या पुलावर हॉर्न देत होती.
वहीत एकोणीसच लिहिलं भरमानं,
दोनाचे पैसे खिशातून.

बोर्ड तीनदा बदलला.
एकदा मराठीत, एकदा कानडीत,
मधे वर्षभर नुसतंच डांबर.
पेंटर दोन्ही वेळेला सिद्राम.
डांबर कुणी फासलं ते विचारू नका.

निंगव्वा म्हणायची, हालु.
आम्ही म्हणायचो, हाल तर सगळ्यांचेच हायत, अव्वा.
ती हसायची नाही.
तिच्या एकशिंगी म्हशीचा फॅट साडेसात,
आमच्या थट्टेला तेवढं उत्तर पुरे.

आणि मार्गशीर्षातला तो गुरुवार.
लॅक्टोमीटर खोल गेला. बावीस.
दूध भरमाच्या आईचं.
ओळीत कुणीतरी खोकलं.
भरमानं पुन्हा सोडला,
पुन्हा बावीस.
"नातवाला ठेवलं पावशेर," म्हातारी म्हणाली,
"तेवढंच पाणी."

किटली परत केली त्यानं.
नावापुढं फुली. वर न बघता म्हणाला,
"पुढचं."

पुढं निंगव्वा.
तिनं आपलं माप ओतलं, चिठ्ठी कनवटीला लावली,
आणि जाताना
म्हातारीच्या किटलीची कडी एका बाजूनं धरली.
वडापर्यंत दोघी तशाच गेल्या, बोलत.
काय बोलल्या कोण जाणे;
एकीला कानडी येत नव्हतं,
दुसरीला मराठी भांडणापुरतं.

आता मशीन आहे, चिठ्ठी छापून येते.
ती वही मी ठेवलीय.
शुक्रवार सकाळ, फुलीच्या खालची ओळ:
तरळे, आई. दीड लिटर.
डिग्री तीस.