दादऱ्यात पाय

पेडेच्या तलावावर सकाळी सव्वासहाला
ज्वेलिना कार्दोज माझ्या हातात निळी फळी देते
आणि म्हणते, "सर, आज फक्त पाय."
तिचं वय बावीस,
माझ्याकडे विशारद करणाऱ्या पोरींइतकं.

मी पाय मारतो.
पाणी उडतं भरपूर. शुक्रवारच्या बाजारात
मासळीवाली टोपलीवर शिंपडते त्याहून भरपूर.
आणि काठावरची तिसरी फरशी,
जिचा एक टवका उडालाय,
माझ्या कानाशीच राहते.
मग हळूच पुढे सरकते.
म्हणजे मी मागे चाललोय.

ज्वेलिना हसत नाही. हे तिचं चांगलं आहे.
"धोंपरांतल्यान न्हय, सर," ती वाकून सांगते,
"सायकल नाका. मांडयेंतल्यान."
मग काठावर बसवून माझे घोटे दाबून बघते,
आंबा बघावा तसे.
कच्चे.
चाळीस वर्षं तबल्यापुढे मांडी घालून मुडपलेले,
ते कसले वल्ह्यासारखे मागे लवणार?
गृहपाठ मिळाला:
रात्री बातम्या संपेपर्यंत टाचांवर बसायचं.
बायको विचारते, कुणाची माफी मागताय?

फळीवर एक लांबी, एक मिनिट एक्कावन्न सेकंद.
पुढच्या सोमवारी अठ्ठेचाळीस.
मग त्रेपन्न, कारण आदल्या रात्री शिरोड्याला
साथीला गेलो होतो, परतायला दोन वाजले.
वही भिजते म्हणून ती आकडे
बॉलपेननं स्वतःच्या मनगटावर लिहिते.
माझं वय, माझं अपयश,
दुपारपर्यंत तिच्या घामानं पुसलं जात असणार.
शेजारच्या पट्ट्यात ऑस्बर्न, इयत्ता चौथी,
तेवढ्यात दोनदा जाऊन येतो
आणि दर खेपेला "गुड मॉर्निंग, सर."

मग फळी गेली, हात आले,
आणि होतं तेही बिघडलं.
हात विलंबितात, पाय द्रुतात,
श्वास तिसऱ्याच मैफलीत.
"दोन हातांना सहा किक, सर. तीन आणि तीन.
पहिली जोरात."

मी छातीभर पाण्यात उभा राहिलो.
सहा. तीन आणि तीन. पहिलीवर वजन.
अगं पोरी, हा तर दादरा.

धा धी ना, उजवा हात शिरतो ती सम, डावा पाय खाली.
धा ती ना, डावा हात, उजवा पाय खाली.
चौथ्या मात्रेला खाली म्हणतात
हे मी किती पोरांच्या टाळूत भरलं असेल,
पण तिथे डग्गा गप्प बसतो,
इथे पायाला तेवढीही मुभा नाही.

वाटलं, जिंकलो.
दुसऱ्याच आवर्तनात बोल मनातून तोंडात आला
आणि 'ती'च्या जागी क्लोरीन.
खोकताना कळलं,
बोटांना जन्मभर जे येतंय
ते पायांना सांगून कळत नाही.
पाय नवशिके आहेत.
त्यांना फी भरून, पहिल्या बाकावर बसूनच शिकावं लागणार,
शिट्टी गळ्यात अडकवलेल्या गुरूकडे.

काल तळाच्या काळ्या रेषेवरून जाताना
पाच-सहा हात तसे पडले.
मी पाडले असं म्हणणार नाही.
कंबर वळली आणि पाय तिच्या मागून आला,
लहानसा, न उडवता,
पाण्याखालीच काहीतरी आवरून घेत.
मोजत नव्हतो. मोजत नाहीये हे लक्षात आलं
आणि गेलं.
काठाला हात लावून विचारलं, "किती?"
ज्वेलिना ऑस्बर्नच्या चष्म्याचा पट्टा घट्ट करत होती.
"लावूंकच ना, सर."

संध्याकाळी वर्गात रेणुता मांद्रेकर
नेहमीसारखी लयीच्या पुढे पळते,
सगळा जोर बोटांत, चाट नुसती कडकडते.
मी डोळे मिटून सांगतो,
"सवकास. वरून येऊ दे.
घोटा सैल सोड."
"घोटा, सर?"
ठेका थांबतो,
आणि सगळा वर्ग
माझ्या पायांकडे बघत राहतो.