पोटखराब

सातबाऱ्यावर त्या तुकड्यापुढे एकच शब्द आहे:
पोटखराब.
एक हेक्टर बारा आर, मुरमाची बरड,
खाली कुठेतरी खडक, वर उंदीरमारी,
कुणीतरी कुंपणाला चार काड्या लावल्या
त्या माजल्या.

हिवराखाली मोटारसायकल लावून
मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा वच्छलाबाई इंगोले
पऱ्हाट्या रचत होत्या.
मी सांगत गेले: नांगरू नका, पेटवू नका,
बी पडेपर्यंत ढोरं सोडू नका,
पवन्याचं, मारवेलचं, शेड्याचं बी आम्ही देऊ,
कुंपणाचा निम्मा खर्च देऊ,
तीन वर्षं येत राहू.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात झटकले.

"उभा जन्म माहा निंदण्यात गेला, बाई.
खुरप्यानं हे बोट वाकडं झालं, पाह्य.
अन् तू म्हणतं का आता तणच पेरा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पिशवीत एका पक्ष्याचा फोटो होता,
पावसाळाभर जो गवतातून उंच उडी मारतो
आणि पुन्हा गवतात पडतो,
दिवसातून शेकडो वेळा,
मादीला दिसावं एवढ्याचसाठी.
मी नाव सांगितलं.

"तणमोर?" त्या थांबल्या.
"माह्या मामाच्या गावी म्हणत.
म्या त कधी पाह्यला नाही.
पाह्यला असन, त निंदता निंदता हाकलला असन."
मग सही केली. सावकाश, आडनावासकट.

पहिल्या वर्षी गाजरगवत उगवलं.
मग तरोटा. मग पुन्हा गाजरगवत.
गुलाब महल्ले पारावरून विचारायचा,
"काकू, यंदा तणाले काय भाव?"
त्याच्याच शेळ्या एका दुपारी आत शिरल्या
आणि जे काही हिरवं होतं ते संपलं.
अहवालात मी लिहिलं: काम प्रगतिपथावर.
खोटं होतं ते.

मग बेड्यावरून हिंमत सोळंके आले.
त्यांचा आजा या बरडीवर फासे मांडायचा.
फासे सुटले, बरडीची वाट सुटली नाही.
उकिडवे बसले, मुरूम चिमटीत चोळला,
म्हणाले, "बी खोल गेलं तुमचं.
गवत पुरत नसतात, भिरकावतात,
तेही वाऱ्याकडे पाठ करून.
अन् कुसळीला शिव्या देऊ नका,
ती आधी येते, बाकीच्यांची जागा धरून ठेवते."
दोन वर्षं प्रशिक्षण घेतलं होतं मी.
माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं.

तिसऱ्या आश्विनात फोन आला.
"तुहा मोर काही आला नाही.
पण इळा घातला न बुडातून भुर्रकन लावरी उठली.
सात अंडे हायेत. म्या इळा ठेवून देल्ला."

मी पोचले तेव्हा बरड कापून झाली होती,
पेंढ्या बांधावर, गोठ्यापर्यंत गोडसर वास,
आणि मधोमध खाटेएवढं गवत उभं,
भोवती चुन्याची रेघ,
कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी.

तलाठ्याला त्यांनी विचारलं होतं म्हणे,
तो शब्द बदलता येईल काय.
तो म्हणाला, तसा रकानाच नाही.
"राहू दे," वच्छलाबाई म्हणाल्या,
"खराब म्हणतेत. पोट त हाये ना."

परवा गुलाब महल्ले रिकामी गोणी घेऊन दारात उभा.
त्याच्या नाल्याच्या काठाला दहा-बारा आर पडीक आहे.
तो माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही.
वच्छलाबाईंनी तराजू काढला,
कुसं झटकत दोन किलो बी तोललं,
नोट घेतली, मोड घेतली,
निम्मे पैसे वेगळ्या डब्यात टाकले.
"हे हिंमतचे. फुकटचं बी उगवत नाही, गुलाब.
अन् पेरताना वाऱ्याकडे पाठ कर."

तो गोणी खांद्यावर टाकून निघाला,
फाटकापर्यंत गेला, तेव्हा त्या पुन्हा ओरडल्या:
"पह्यले तुह्या शेळ्या बांध!"