दर दहा ग्रॅममध्ये

चौथ्या मजल्यावरचा ऋग्वेद लोअर परळहून
काळी कागदी पेटी घेऊन आला. म्हणाला,
"टिपणीस काकू, पंच्याहत्तर टक्के आहे. हृदयाला चांगलं.
लोह आहे, मॅग्नेशियम आहे, मूडसुद्धा सुधारतो."
माझा मूड बिघडलाय हे त्याला कोणी सांगितलं, कोण जाणे.

मी आधी चव घेत नाही. आधी लेबल वाचते.
भोईवाड्याच्या म्युनिसिपल दवाखान्यात
एकतीस वर्षं खिडकीमागून औषधं दिली, तेव्हाची खोड:
चष्मा कपाळावर न्यायचा,
बारीक अक्षर पार नाकाशी आणायचं.

शंभर ग्रॅमला लोह बारा मिलिग्रॅम.
छान. पण शंभर ग्रॅम खाणार कोण?
शंभर ग्रॅमला सहाशे कॅलरीही आहेत,
त्या मात्र मागच्या बाजूला, घडीत.
म्हणून पेन्सिल घेतली. दहा ग्रॅमचा एक चौकोन:
लोह सव्वा, साखर अडीच ग्रॅम, मॅग्नेशियम तेवीस,
आणि ते फ्लेवनॉल, ज्याने म्हणे
रक्तवाहिन्या किंचित सैलावतात,
रक्तदाब एकदोन अंकांनी उतरतो.
"किंचित" हा शब्द पेटीवर नाही.
तो मी घातला.

चौकोन जिभेवर ठेवला, चावला नाही.
कडू. मग आंबट. मग करपलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी,
आणि फार उशिरा,
निघालेल्या पाहुण्याने दारातून मागे वळून पाहावं
तेवढंच गोड.

तेव्हा हौसाबाई आठवली.
बारदानाच्या गोदामात पोती शिवायची.
हिमोग्लोबिन साडेसहा, नखं चमच्यासारखी खोलगट.
मी लाल गोळ्यांची पुडी सरकवली, नेहमीचं म्हटलं:
रोज एक. वरणात लिंबू पीळ. वर लगेच चहा नको.
शी काळी होईल, घाबरू नको.
ती पुडीकडे बघत राहिली.
"बाई, लोखंडाचं काही गोड नसतं का ओ?"

मागे बेचाळीस माणसं. मी म्हणाले,
"हे काय मिठाईचं दुकान आहे?"
रांग हसली. तीही हसली, पदर तोंडाला लावून.
पुढच्या महिन्यात आली नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
रजिस्टरात तिच्या नावावर मी रेघ मारली,
पट्टी लावून.

असतं गं, हौसाबाई.
अगदी गोड नाही, पण असतं,
साडेतीनशे रुपयांना.
आणि त्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही,
हेही तुला सांगायला हवं,
नाहीतर पुन्हा मी अर्धंच सांगितलं असं होईल.

सकाळी अंजिरा जिना पुसायला आली.
दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून दम घेत होती.
मी न विचारताच तिची खालची पापणी ओढली.
आत गुलाबी नव्हतं, धुतल्या फडक्यासारखं होतं.
घरात जाऊन एक चौकोन पुडीत बांधला,
कागद तिरका, दोन घड्या, टोक आत.
हात विसरत नाहीत.

तिने तिथेच सोडला, तोंडात टाकला,
आणि पायरीवर बसकण मारली.
"ई! काय ओ हे काकू, जळलंय सगळं.
त्यापेक्षा गोळी द्या ना."

मी इतकी हसले की तळमजल्यावरच्या कामतांनी दार उघडलं.
बादली राहू दे, म्हटलं. नऊला उघडतो दवाखाना.
रक्त तपासू, गोळीच घेऊ.

पेटीत सहा उरलेत. ऋग्वेदला सांगेन, छान होतं.

खिडकीच्या या बाजूला मी पहिल्यांदाच उभी.
पुढे सतरा जणं. आत नवी मुलगी, मान वर न करता
पुड्या सरकवतेय.
अंजिरा कधीची दातांवरून जीभ फिरवत होती.
मग हळूच म्हणाली,
"काकू, आता जरा गोड लागतंय."