पच्चल

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येतात
तेव्हा जिऊ माझ्या ओढणीत तोंड खुपसते,
आणि ग्लास हातात आला की
म्हशीलाच विचारते, "तू पिनाल?"
मिशा पांढऱ्या. उरलेलं फ्रॉकवर.

घरी बापाचं करकरतं पायताण,
एकातच दोन्ही पाय घालून
निघते सोप्यातनं. कुठं गं?
"हापिसात. पच्चल घातली."

कुकरची तिसरी शिट्टी. मिक्सरात खोबरं तसंच.
कागलहून सासूबाईंचा फोन: जेवली का पोर?
जेवली म्हणते.
दोन घास. त्यातला एक मांजराला.

काल उंबऱ्यापाशी बसून
तिनं उजवी उजवीकडं, डावी डावीकडं लावली
आणि म्हणाली, "आई, चप्पल."
च आधी. प नंतर.
कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.
ह्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी गॅस बारीक करायला आत गेले,
गॅस बारीकच होता.

रात्री तिची टाच माझ्या बरगडीत,
मी अंधारात हळूच म्हणून बघितलं:
पच्चल.
तिच्या पहिल्या झबल्यासारखा शब्द,
डोक्यातनं जाईना.