एका तिकिटाइतकी फट

सोमवारी दुकान बंद.
शटर अर्धं वर, तेवढ्या उजेडात
मी मशीन उघडून बसतो.
वर्तमानपत्रावर दोन स्क्रू, दोन पाती,
आणि ब्रशनं झाडलेली आठवडाभराची दत्तवाडी :
काळी, पिकलेली, मेंदीची,
एका इंजिनिअरिंगच्या पोराची निळी.

समोर बालाजी. अहमदपूरचा, नवा.
त्याला सगळं आजच यायला हवंय.
"काका, झीरो म्हंजी झीरोच ना?
दोन्ही पाती एका रेषेत घ्या की."
घे, म्हटलं.

घेतली. दाताला दात लावला,
स्क्रू आवळले, स्वतःच्याच पोटरीवर फिरवलं.
केस गेले,
आणि मागोमाग लाल रेघ उगवली
मुंग्यांच्या वाटेसारखी, बारीक.
तुरटी लाव, म्हटलं. आणि इकडं बघ.

ड्रॉवरमध्ये, वस्तऱ्याच्या जुन्या डबीत,
पीएमटीचं एक तिकीट आहे.
सायमन पाडळ्यांचं, स्वारगेट ते खडकी.
टूलरूममध्ये तेहतीस वर्षं. मायक्रोमीटर धरून धरून
असे झालेले, की मान वळव म्हटलं
तर किती, असं विचारायचे.
गळ्याला कापड बांधलेलं असताना
खुर्चीतूनच त्यांनी मला शिकवलं :
खालचं पातं काचेवर टेकव, सरळ.
वरच्याच्या दातांखाली तिकीट सार.
आता स्क्रू. आधी हा थोडा, मग तो थोडा.
पळणारं पातं कडेवर आणू नकोस रे,
एक तिकीट मागं राहू दे.

तेल तीन थेंब. चौथा गिऱ्हाइकाच्या कॉलरवर जातो.
दर दोन डोक्यांनी पातं मनगटाला लावून बघायचं,
तापलं असेल तर मशीन ठेवून
कात्री घ्यायची, गप्पा मारायच्या.
हे मात्र माझं. पाडळ्यांना गप्पा आवडत नसत.

दिवाळीनंतर आले ते टोपी घालून.
मुलगी रिक्षात थांबलेली.
टोपी काढली. औषधांनी सगळं नेलं होतं,
कानामागं तेवढी लव, तान्ह्या पोराची असते तशी.
"नेहमीसारखे," म्हणाले.

मी कापड झटकलं, बांधलं.
खटका पार खाली ओढला, वर दोन नंबर लावला,
आणि मशीन चालू केलं.
या कानापासून त्या कानापर्यंत गेलो
कातडीला न टेकता.
डावीकडं तो तीळ आला, तिथं हात
आपोआप वळला.
आरशात त्यांचे डोळे मिटलेले.
मला वाटलं, लागली झोप.

"खडखडतंय," म्हणाले.
"बाजूचा स्क्रू पाव फेरा आत घे."
घेतला.
"अजून अगदी थोडा. बास."

मग आम्ही दोघांनी ते ऐकलं,
एकसुरी, स्वच्छ, किती वेळ कोण जाणे.
बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता.
पैसे त्यांनी पूर्ण दिले. मी घेतले.
नसते घेतले तर परत आले नसते.

तसेही आले नाहीत.

बालाजी काचेवर पाती टेकवतो,
जीभ दातांत धरून तिकीट सारतो.
कडा मऊ झाल्यात त्याच्या, आकडे पुसलेत.
"काका, हे फाटलं तर?"

हल्लीची बसची तिकिटं पातळ येतात.
मी लावून बघितलीत.