पॉइंट आठ तीन

तिसऱ्या सकाळीही किल्ली फिरवली
तर नुसतं टक्.
दाताखाली खडा यावा तसं.

नोव्हेंबर, उणे नऊ. हॅफर्डच्या उत्तरेला
हीटरची वायर खांबाला जोडण्याइतकी थंडी
अजून पडली नव्हती,
पण ट्रक नसला की
बेचाळीस किलोमीटरवरचा दवाखाना
भलताच लांब जाऊन बसतो.

ओरेस्ट कुंपणापलीकडून म्हणाला, बॅटरी बदल, म्यर्ना.
बदलली. पावती जपून ठेवली.
मग म्हणाला, कंपनी बदल.
दोन लग्नांतही त्याने स्वतःला
हाच सल्ला दिला होता.

अठरा वर्षं मी शाळेची बस चालवली.
मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय
ते आरशात न बघता कळायचं मला.
या ट्रकला मागचा बाकच नाही,
तरी कुणीतरी बसलेलं होतं तिथे.

बॅटरीची काळी तार सोडवली
आणि मधे मीटर बसवला,
नाक्यावर जकातदार बसवतात तसा.
आता जे जाईल ते मोजून जाईल.
दार उघडं, पण दाराचं बटण
कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवलेलं,
म्हणजे ट्रकला वाटावं
की बाई दार लावून घरात गेली.
चाळीस मिनिटं थांबले.
एकोणनव्वद सालच्या फोर्डलाही
झोप लागायला वेळ लागतो.

पॉइंट आठ तीन.
झोपलेल्याची नाडी एवढी धावत नाही.

फ्यूज उपटायला लागले, चिमटीत धरून, एकेक.
रेडिओचा काढला. आकडा तोच.
लायटरचा, ज्यावर वॉल्टरने
सिगारेट सोडल्यापासून काहीच पेटलेलं नाही. तोच.
घड्याळाचा काढला तेव्हा आठ एक झालं.
बिचारं घड्याळ,
चुकीची वेळ दाखवायचे फक्त दोन शतांश घेत होतं,
आणि मी त्याच्यावर संशय घेतला.
लाल, निळे, पिवळे, सगळे फ्यूज टोपीत गोळा झाले
आणि मीटर आठ एकवर तसाच,
ढिम्म.

चहा प्यायला आत गेले. चहा कसला,
खिडकीतून ट्रककडे बघत कप हातात धरला.

परत आले तर बॉनेटखाली हार्बुझ.
गोठ्यातला नारिंगी बोका, नावाचा अर्थ भोपळा,
मीटरच्या तारांमधून वाट काढून
इंजिनावर पसरलेला.
एअर फिल्टरचं झाकण उशीसारखं रुंद, ते सोडून
बाजूच्या अल्टरनेटरवर, अर्धं पोट हवेत.
रोज सकाळी बॉनेट उचललं
की इथूनच तर उडी मारायचा!
रोज मी त्याच्यावर ओरडायचे.

हातमोजा काढला, त्याच्या पोटाखाली हात घातला.
ऊब. असायचीच.
त्याला उचलून बाजूला ठेवलं,
पुन्हा हात लावला.
धातू. दोन दिवस न चाललेल्या गाडीचा,
उणे नऊमध्ये,
आणि कोमट.

आतला डायोड गेलेला.
एकाच बाजूला उघडायचं दार
दोन्हीकडे झुलायला लागलं होतं,
आणि ही जाड तार
फ्यूजच्या पेटीत पाऊलच टाकत नाही.
मी चोर शोधत होते
जिथे प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असतं तिथे.

तार सोडवली. मीटर शून्यावर.
बोक्याने डोळे उघडले नाहीत.
डोळे मिटून दूध पिताना
जगाला दिसत नाही अशी
त्याची अजूनही खात्री होती.

सास्कटूनच्या भंगारवाल्याकडून
साठ डॉलरला दुसरा अल्टरनेटर आणला.
आता ट्रक पहिल्या हाकेला ओ देतो.
पहिल्या रात्री हार्बुझ आला, नेहमीच्या जागी बसला,
उठला, वळून बसला, पुन्हा उठला.
मग बॉनेटवरून उतरून
माझ्या खिडकीकडे बघत राहिला बराच वेळ,
जणू बिल चुकतं करूनही
माझ्याकडून वीज कापली गेली होती.

यंदा हीटरची वायर मी लवकर जोडली.
उणे पाचालाच.
ओरेस्ट कुंपणाशी थांबला.
एवढ्यात? वीज काय फुकट येते?
इंजिन जुनं आहे, मी म्हणाले.

चोरी होती तेव्हा दहा वॅटची होती.
आता राजरोस चारशे जातात.