सहा पाकळ्यांचा स्क्रू

वूच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे
आमचं दुकान. पाटीवर नुसतं ‘झेनॉन, कॉम्प्युटर’.
खाली बारीक अक्षरांत मी लिहिलं होतं: उधारी नाही.
तीस वर्षांत ते कुणी वाचलेलं नाही.

तेव्हा पोरं ट्रामनं यायची,
मांडीवर मॉनिटर, त्यावर आईची शाल.
शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
चौदा यंत्रं एका वायरीच्या गुंत्यात जोडायचो.
फ्यूज उडायचा.
अंधारात चौदा जण एका सुरात शिव्या द्यायचे
आणि मी मेणबत्ती शोधेपर्यंत
बीटचं सूप गार.

झेनॉन प्रत्येक यंत्राचं पोट उघडून दाखवायचा:
हा प्रोसेसर. ही मेमरी. इथली जागा मोकळी ठेवलीय,
पुढच्या वर्षी पैसे साठले की ये.
आईला सांग, अभ्यासाला लागतं.
आयांना सगळं कळायचं.
तरी त्या पाकीट उघडायच्या.

आता ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत
आम्हा दोघांच्या कवळ्या होतील, वर चष्मे.
मुलगा येतो, किंमत विचारतो, फोनवर काहीतरी बघतो.
“राहू द्या आजोबा, कन्सोल घेतो.
लावला की चालू.”
झेनॉन त्याच्याशी वाद घालत नाही.
माझ्याशी घालतो, रात्री, दिवा मालवल्यावर:
माउसशिवाय नेम धरणार कसा?
सोफ्यावर पडून कुणी लढाई जिंकलंय?
मी विचारते, तू शेवटचा कधी खेळलास?
मग तो कुशीवर वळतो.

माल घेऊन येणारा रादोस्वाव म्हणतो,
कॉम्प्युटर कुठे हरतोय, आकडे बघा, वाढतायत.
वाढत असतील.
आमच्या गल्लीत वळत नाहीत.

नातवाच्या, तिमोनच्या, वाढदिवसाला
एवेलिनानं कन्सोल आणला. आमच्या लेकीनं!
झेनॉननं तो हातात घेतला, उलटा केला,
डॉक्टर पोटावर बोटं वाजवतात तशी वाजवली.
“हा उघडतो कुठून?”
“उघडायचा कशाला?” तिमोननं विचारलं.
टोमणा असता तर बरं झालं असतं.
पोराला खरंच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत कन्सोल घोंघावायला लागला,
केस वाळवायचं मशीन लागल्यासारखा.
तिमोनचा फोन आजोबांनाच आला.
स्क्रू निघाला सहा पाकळ्यांचा,
मधोमध एक खुंटी, मुद्दाम,
आपल्यासारख्यांचा हात लागू नये म्हणून बसवलेली.
झेनॉनकडे एकशे बारा पाने आहेत, त्यात हा नाही.
रात्रभर बसून त्यानं एका जुन्या पान्याचं टोक पोखरलं.
मी टॉर्च धरला. हात अवघडला, तसं बोललेही.
त्याला ऐकू गेलं नाही. असा तो
मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

झाकण निघालं.
आत मांजराचे केस, बिस्किटाचा चुरा,
पंखा, आणि हिरव्या पाटीवर तीच जुनी वस्ती.
“अगं, हा तर कॉम्प्युटरच आहे,”
झेनॉन म्हणाला, थोडा दुखावून,
नाव बदलून राहणारा भाऊ सापडावा तसा.
तिमोन जवळ सरकला. “हे काय?”
“हा प्रोसेसर,” झेनॉननं सुरुवात केली,
आणि मी सूप गरम करायला उठले,
कारण हे लवकर संपणार नव्हतं.

वॉरंटी गेली. एवेलिना दोन आठवडे बोलली नाही.
जोडल्यावर एक स्क्रू उरला,
तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणांत.
कन्सोल छान चालतो, आवाज अजिबात नाही.
झेनॉन दर रविवारी फोन करून विचारतो,
“काही बिघडलं का रे?”